‘काही नाही’ ऐकल्याशिवाय

४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

परत जाणार नाही. ठरलं!

आधी त्या जिन्यानं दम लागला. वर गेले तर दारावर पाटी — मानसोपचार. ओळखीचं कुणी बघायला नको म्हणून पदर तोंडावर घेतला, जशी काय चोरी करायला निघालेय! कॅन्सरच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली म्हणून गेले, नाहीतर मी कशाला मरायला जातेय तिथं. तीन वर्षं झाली ऑपरेशनला. डावी बाजू काढली, किमो झाली, रेडिएशन झालं, केस गेले, केस आले. डॉक्टर दर वेळी म्हणतात, "गिरिजाताई, सगळं छान आहे." आणि मी दर वेळी विचारते, "नक्की ना?" मागच्या खेपेला अकरा वेळा विचारलं म्हणे. नर्सनं मोजलं. मग ही चिठ्ठी.

आत एक पोरगीच बसलेली. संस्कृती मॅडम. आमच्या वैष्णवीपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी असेल, फार तर. म्हणाली, "भीती कधी येते?" मी म्हटलं, "गेली तर येईल ना!" ती हसली नाही, लिहूनही घेतलं नाही. नुसती माझ्याकडं बघत राहिली. आणि मी जी रडायला लागले! ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा एवढी रडले नव्हते.

निघताना ही वही दिली. "रोज थोडं लिहा. कुणाला दाखवायची नाही. मलासुद्धा नाही."

मला काय वेड लागलंय का?

५ नोव्हेंबर

लिहायचंच तर खरं लिहू. काल मॅडमना सांगितलं नाही ते.

रोज सकाळी आंघोळ झाली की मी आतल्या खोलीचं दार लावते आणि वैष्णवीला हाक मारते. "बघ गं, काही लागतंय का?" ती उजवी बाजू बघते, दोन्ही काखा बघते, गळ्याखाली बघते. मी तिच्या तोंडाकडं बघत असते. भुवई जरी हलली तरी परत बघायला लावते. मग ती म्हणते, "काही नाही, आई." तेवढं ऐकलं की जीव भांड्यात पडतो. मगच मी गॅस पेटवते. दोन वर्षं झाली, एक सकाळ चुकली नाही. तिला ताप होता तेव्हाही उठवलं होतं मी.

तिलाच का? ती लॅबचं शिकलीय. आणि माझ्या हातावर माझा विश्वास राहिला नाही.

हा हात! वीस वर्षं कडक भाकरी करतेय मी. ज्वारीच्या पिठात मोहरीएवढी गुठळी राहिली तरी बोटाला कळते. अशोक चौकातल्या कुठल्याही दुकानदाराला विचारा, गिरिजाची भाकरी कधी चिरलेली निघाली का! त्याच बोटांना तेव्हा आंघोळ करताना ती गाठ लागली होती. आणि मी काय म्हटलं? — उष्णतेची असेल. एप्रिल होता, दिवसभर तव्यापुढं बसायचं. आमच्याकडं उन्हाळ्यात काहीही झालं की उष्णता. तोंड आलं, उष्णता. डोळे आले, उष्णता. गाठ आली, तीही उष्णता! चार महिने सब्जा घालून सरबत पीत बसले मी. कुणाला बोलले नाही. डॉक्टर म्हणाले, "चार महिने आधी आला असतात तर..." पुढचं ते बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही.

तेव्हापासून हे असं.

८ नोव्हेंबर, शनिवार

वैष्णवीला पुण्याच्या लॅबचं पत्र आलंय. मोठी लॅब आहे. दोन फेब्रुवारीला हजर व्हायचं. इथं गल्लीतल्या लॅबमध्ये चार जणांचं काम एकटी ओढते बिचारी. पत्र मला दाखवलं आणि लगेच म्हणाली, "मी नाही म्हणून कळवणार आहे. मी गेले तर तुला कोण बघेल?"

मी ‘जा’ म्हटलं नाही.

लिहितानाही लाज वाटतेय. आई असून सरळ पीठ चाळायला घेतलं. मनात काय आलं तेही लिहू? — बरं झालं, नाही म्हणतेय.

देवा, काय होऊन बसलंय माझं!

११ नोव्हेंबर, मंगळवार

गेले की परत! वैष्णवीच्या पत्रानं झोप उडवली होती, म्हणून गेले.

सगळं सांगून टाकलं. दार लावणं, बघणं, ‘काही नाही’. मॅडमनी विचारलं, "लॅबच्या शिक्षणात गाठी तपासायला शिकवतात का?"

"नाही. रक्त, लघवी, थुंकी."

"मग?"

मग काय! एवढी साधी गोष्ट दोन वर्षांत माझ्या डोक्यात आली नाही. मलाच हसू आलं. पुण्याला डिसेंबरअखेर उत्तर द्यायचंय. मॅडम म्हणाल्या, "मग तोवर हो नको आणि नाहीही नको." हे वैष्णवीला सांगितलं. तिनं नुसती मान हलवली.

या आठवड्याचा अभ्यास — हात तपासायला गेला की वहीत एक रेघ मारायची. थांबवायचा नाही. नुसती रेघ.

१२ नोव्हेंबर

दुपारपर्यंत एकतीस रेघा! वैष्णवीचं बघणं त्यात धरलं नाही. एकतीस! ब्लाउजवर काखेपाशी पिठाचे पांढरे ठसे उमटलेत, नाही म्हणायची सोय नाही. बनाबाई पंधरा वर्षं माझ्या शेजारी बसून भाकरी थापतेय. तिचं आज लक्ष गेलं. "आवं ताई, सारका हात कुटं जातुया? मुंग्या लागल्या का काय?"

मी खोटं बोलले. घामोळं म्हटलं. नोव्हेंबरात घामोळं!

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज जे ऐकलं ते ऐकून हसावं की रडावं. चिंतेला वेळ द्यायची! रोज चार ते सव्वाचार. दिवसभरात भीती आली की तिला हाकलायचं नाही, भांडायचं नाही. म्हणायचं, "चारला ये." आणि चारला ठरलेल्या जागी बसून मनसोक्त चिंता करायची. स्वयंपाकघरात नाही. मी गच्चीचा जिना निवडला.

बनाबाईला खरं सांगून टाकलं आज. घामोळ्याचं ओझं झालं होतं. ती थापता थापता थांबली. "चिंतेला बी टायमिंग? यष्टी हाय व्हय ती!" एवढी हसलो दोघी, तव्यावरची भाकरी करपली. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "मला सांगायचं की आदी. मी काय परकी हाय का?"

पंधरा वर्षं एका परातीत हात घालतो आम्ही. आणि मी हिला घामोळं सांगत होते.

२१ नोव्हेंबर

जिन्यात बसले. पलीकडच्या गल्लीत यंत्रमागांची खटखट चाललेली. मी मन लावून चिंता केली. माझ्या तेराव्याला बुंदी करतील की लापशी, इथपर्यंत पोचले. लापशी नको, ह्यांच्या बहिणीला ती जमत नाही, पाणचट होते. एवढ्यात सव्वाचार झाले. उठले आणि वाळलेले कपडे काढून आणले.

रेघा एकोणीस.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

मॅडमनी आज वैष्णवीलाही बोलावलं होतं. समजावून सांगितलं — "तुम्ही रोज ‘काही नाही’ म्हणता, त्यानं आईंना बरं वाटतं. पण ते बारा तासही टिकत नाही. भीतीला रोज खुराक मिळतो." ठरलं असं — या आठवड्यापासून एक दिवसाआड. मग आठवड्यातून एकदा. नव्या वर्षापासून बंद. महिन्यातून एकदा मी स्वतः बघायचं, डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणं. बाकी वर्षाची तपासणी आहेच. मध्येच मी विचारलं तर वैष्णवीनं ‘काही नाही’ म्हणायचं नाही. म्हणायचं, "आई, भीती वाटतेय ना? बस माझ्याजवळ."

वैष्णवी लगेच हो म्हणाली. जरा विचारही केला नाही! मला रागच आला. एवढा कंटाळा आला होता का माझा?

२६ नोव्हेंबर

पहिला दिवस. आंघोळ झाली, हाक ओठावर आली, गिळली. गॅस पेटवताना तीन काड्या मोडल्या. पहिल्या घाण्याच्या सगळ्या भाकरी चिरल्या. बनाबाईवर ओरडले, पाणी गार दिलंस म्हणून. तिनं दुसरं आधण ठेवलं.

नऊ वाजता वैष्णवीच्या पाठी लागलेच. "एकदाच बघ गं. उद्या नको बघू." तिनं शिकवलेलं म्हटलं — "भीती वाटतेय ना? बस माझ्याजवळ." मी बसले नाही. पाय आपटत निघून आले, लहान पोरासारखी. त्रेचाळिसाव्या वर्षी!

बनाबाईनं चहा पुढं केला. "आज न्हाय कुणी बगितलं, तरी हाईसा न्हवं हितं? मग झालं की." एवढंच म्हणाली. तेवढ्यावर दिवस काढला मी.

९ डिसेंबर, मंगळवार

आज मॅडमवर भडकले. सरळ विचारलं, "कॅन्सर परत येणार नाही ना? तेवढं एकदा सांगा, मी उद्यापासून येत नाही."

त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही, गिरिजाताई. येणारच नाही असं मी म्हणू शकत नाही."

असं कुणी म्हणतं का! उठून जाणार होते. मग तशीच बसले. तीन वर्षं झाली, सगळे मला सांगतायत — काही होत नाही, देव आहे, वाईट विचार आणू नको. शेजारीण म्हणते, पाहुणे म्हणतात, पेपर टाकणारासुद्धा म्हणतो. आणि मला माहीत असतं, त्यांनाही माहीत नाही. ही पहिली. खरं बोलली.

मॅडम पुढं म्हणाल्या, "माहीत नसताना आजचा दिवस कसा काढायचा, तेवढं आपण शिकतोय." घरी येताना रिक्षात रडू आलं, पण वेगळंच. बरं वाटलं म्हणून. हिच्या आईवडलांचं भलं होवो. किती नीट वाढवलंय पोरीला!

१५ डिसेंबर, सोमवार

संपलं सगळं. तीन दिवस पाठ दुखतेय. कंबरेच्या वर, हाडात. आलाच तर हाडात येतो म्हणतात, दवाखान्यात बसलेल्या बायकांनी सांगितलं होतं. जिना बिना काही केलं नाही. सकाळपासून तेच डोक्यात. अकराला वैष्णवीचा हात धरला आणि ओढत खोलीत नेलं. "पाठ बघ, काखा बघ, सगळं बघ!"

"नाही बघणार मी."

"बघ म्हणते ना!"

"नाही!" एवढ्या जोरात ओरडली, बाहेर बनाबाईची थाप थांबली. मग रडायला लागली — हुंदके देऊन. "मला नाही जमत आई, खरंच नाही जमत!" आणि न जेवता कामाला गेली.

मी पोरीला रडवलं.

दुपारी हे जेवायला आले. (मल्लिनाथ. वहीत नाव घ्यायला काय लाजायचं!) एसटीच्या डेपोत गाड्यांखाली झोपून आयुष्य गेलं ह्यांचं, बोलणं मोजकंच. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "शुक्रवारी ज्वारीचं पोतं कुणी आत ओढलं?"

मी.

"पन्नास किलोचं. मी घरी यायच्या आधी. का?"

गिऱ्हाईक थांबलं होतं म्हणून! हे उठले, तेल गरम केलं, पाठ चोळून दिली. काळे पडलेले, खरखरीत हात, पण किती जपून चोळत होते. म्हणाले, "पंधरा दिवसांत नाही राहिलं तर डॉक्टरला दाखवू. मी रजा काढतो." तीन वर्षांत ह्या माणसानं मला एकदाही ‘रडू नको’ म्हटलं नाही, की ‘काही होत नाही’ म्हटलं नाही. आज कळलं, ते केवढं होतं.

१६ डिसेंबर, मंगळवार

मॅडमना वाटेल मी नापास झाले, असं मनात धरून गेले. त्या म्हणाल्या, "घसरणारच. घसरल्यावर काय केलंत ते सांगा." मी तेलाचं सांगितलं. पोत्याचं सांगितलं. दोघी हसलो.

मग त्यांनी विचारलं, "ही भीती एक दिवस सुट्टीवर गेली तर काय कराल?"

तोंडातून निघून गेलं, "वैष्णवीला पुण्याला पोचवून येईन."

निघून गेलं आणि मीच तोंडावर हात ठेवला. मॅडम म्हणाल्या, "मग ती सुट्टीवर जायची वाट कशाला बघायची? येऊ दे की तिलाही पुण्याला. बसेल एका सीटवर."

१९ डिसेंबर, शुक्रवार

वैष्णवीला सांगितलं. ‘जा’ म्हटलं. दीड महिना लागला एका अक्षराच्या एवढ्याशा शब्दाला!

वाटलं, नाचेल. ती माझ्याकडं बघत राहिली. "तू राहशील?" म्हटलं, "राहीन की. बनाबाई आहे, तुझे पप्पा आहेत, मॅडम आहेत. आणि मी पण आहे की घरात!" मग गळ्यात पडली. पाठ अजून थोडी दुखतेय, पण पोतं हे आत ठेवतात आता.

१ जानेवारी २०२६

आजपासून बघणं बंद. रेघा सात.

१३ जानेवारी, मंगळवार

भोगी! सकाळी सहापासून बाजरीच्या भाकरी, तीळ लावून. कडक वेगळ्या, मऊ वेगळ्या. दारात रांग. बनाबाई, मी आणि सुट्टी काढून वैष्णवी — तिघींच्या थापांचा ताल असा लागला की शेजारची म्हणाली, लेझीम आहे का काय घरात! अंगाला तिळाचा वास. मॅडमना कळवलं होतं, आज येणं जमायचं नाही. त्यांच्यासाठी भाकऱ्या बांधून ह्यांच्याबरोबर पाठवल्या.

पाठ टेकली तेव्हा घड्याळ बघितलं — साडेपाच. चारची चिंता राहूनच गेली! विसरले! चिंता करायला विसरले मी! बनाबाईला सांगितलं तर म्हणते, "ग्येली की यष्टी तुमची!"

आता लिहितेय तर डोळे भरून येतायत. किती माणसं आपलं बोट धरून चालतात आणि आपलं लक्षच नसतं. देवा, तुझे लई उपकार आहेत.

१६ जानेवारी

गड्ड्याच्या यात्रेला गेलो चौघं. तीन वर्षांनी. आकाशपाळण्यात बसले! वरून सगळं सोलापूर दिसलं. ह्यांनी डोळे मिटून घेतले होते, मी नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

सकाळच्या गाडीनं वैष्णवी गेली. हे बरोबर गेलेत, खोली लावून देऊन परवा येतील. मीही जाणार होते, पण परवा माझी मॅडमकडं वेळ आणि ऑर्डर पण आहे. खरं लिहायचं तर — स्टेशनवरच निरोप देता आला तेवढा पुष्कळ झाला. शेंगाचटणी, कडक भाकरी, लसणाचं तिखट. पिशवी एवढी जड झाली की पोरगी म्हणाली, "आई, पुण्यात जेवण मिळतं गं!"

गाडी हलली. तपासायला हात गेला. जाऊ दिला. मग त्याच हातानं टाटा केला.

कुर्डुवाडी गेल्याचा फोन आला. दौंड गेल्याचाही. म्हटलं, आता प्रत्येक स्टेशनाला नको करू बाई, शीक काहीतरी माझ्याकडून!

२ फेब्रुवारी

आंघोळ. गॅस. भाकरी. घरात कुणी नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

महिन्याची तपासणी, माझ्या हातानं. जानेवारीत केली होती तेव्हा डोळे मिटून घाईत उरकली, मॅडमनी ओळखलं होतं. आज नीट केली. दार लावून, आरशापुढं उभं राहून, डॉक्टरांनी शिकवलं तसं गोल गोल. जिथं काही नाही तिथंही हात ठेवला, डाव्या बाजूच्या व्रणावर. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडं नीट बघितलं.

आणि एक गोष्ट डोक्यात आली. तेव्हा माझी बोटं चुकली नव्हती! बोटांनी बरोबर सांगितलं होतं, गिरिजे, गाठ आहे. उष्णता म्हणाले ते डोकं. मी उगाच तीन वर्षं बोटांवर राग धरला. वीस वर्षं घर चालवलं ह्या बोटांनी, आजारपणातही भाकरी सोडली नाही.

हातांना खोबरेल लावलं आज. उगाच.

१० फेब्रुवारी, मंगळवार

वर्षाची तपासणी. मशीन तेच, थंडगार. तिथली बाई म्हणाली, "श्वास धरा." मी धरला. बाहेर रिपोर्टची वाट बघताना भीती आली, शेजारच्या खुर्चीवर बसावी तशी बसली. मी तिला हाकललं नाही. पलीकडच्या बाईला किमोत कुठली भाजी पोटात टिकते ते सांगत बसले. पहिल्याच वेळी आलेली होती, गार पडली होती अगदी. तिचा हात हातात घेतला.

रिपोर्ट चांगला आहे. डॉक्टर थांबले, मी ‘नक्की ना?’ विचारीन म्हणून. मी विचारलं नाही! नर्स हसली, म्हणाली, "आज शून्य!"

मग वर मॅडमकडं गेले, जिना चढून, पदर तोंडावर न घेता. मॅडमनी विचारलं, "आता खात्री पटली?" म्हटलं, "नाही. पण भूक लागलीय." त्या एवढ्या हसल्या! पुढच्या मंगळवारी या, मग महिन्यातून एकदा पुरे म्हणाल्या. त्यांचे हात धरले मी. काय बोलणार! लेकीच्या वयाच्या पोरीच्या पाया पडायची पद्धत नाही, नाहीतर पडले असते.

वैष्णवीला फोन केला. तिनं रिपोर्ट दोनदा वाचायला लावला. मग म्हणाली, "शिवरात्रीला येते मी."

१६ फेब्रुवारी, सोमवार

वैष्णवी शनिवारी आलीय. आज सकाळी शेंगा सोलत बसलो होतो दोघी. वर न बघता म्हणाली, "आई, एक सांगू? ओरडू नकोस."

"सांग की," म्हटलं. ती म्हणाली, "मी कधी बघितलंच नाही गं."

दोन वर्षं. रोज सकाळी ती हात नुसता ठेवायची, मनात वीसपर्यंत मोजायची आणि म्हणायची, काही नाही. एकदाही दाबून बघितलं नाही. "लागलं असतं तर मलाच तुला सांगावं लागलं असतं ना." पुण्यातही पहाटे जाग येते म्हणाली. बोटं आपोआप मोजायला लागतात. आता स्वतःच्या काखेत जातात. दिवसातून किती वेळा, ते विचारलं तर रडायला लागली.

मी ओरडले नाही. तोंडाकडंच बघत होते मी दोन वर्षं, तिच्या हाताकडं कधी बघितलं नाही. आज बघितला. अंगठा पेरांवर वीसपर्यंत मोजत चालला होता.

मॅडमना फोन केला. उद्याची वेळ माझी आहे. आत वैष्णवी जाईल. मी बाहेर बाकावर बसेन.